दिवे मालवल्यानंतर

दिवाळीची सुटी लागते त्या दिवशी राजूरच्या एस. टी. स्थानकावर जो कोणी घटकाभर उभा राहिला असेल, त्याला पुढील दृश्य ओळखीचे वाटेल. अकोले तालुक्यातले, भंडारदऱ्याच्या वाटेवरचे हे गाव. डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठी आणि पेढ्यांसाठी ते पंचक्रोशीत नावाजलेले आहे. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय येथेच असल्यामुळे आसपासच्या डोंगरांतल्या आश्रमशाळांचा कारभारही येथूनच चालतो. सुटीच्या दिवशी महादेव कोळ्यांची आणि ठाकरांची पोरे पत्र्याच्या पेट्या घेऊन स्थानकावर जमतात. कोणाचा बाप न्यावयास आलेला असतो, कोणाचा थोरला भाऊ. एखादे अगदी लहान पोर पेटीवर बसून पेटीचीच राखण करीत असते. गाडी आली की पेट्या टपावर चढतात, गलका होतो आणि मुले घरी जातात.

जून महिन्यात हीच पेटी उलट दिशेने प्रवास करते, आणि त्या वेळी मात्र गलका नसतो. सहा-सात वर्षांचे मूल आईचा पदर सोडून एका मोठ्या इमारतीत राहावयास जाते. दिवसा त्याला शाळा असते, गुरुजी असतात, सवंगडी असतात. परंतु रात्री? बाहेर पाऊस कोसळत असतो, दिवे मालवलेले असतात, आणि एखादे मूल तापाने फणफणलेले किंवा नुसतेच आईच्या आठवणीने जागे असते. त्या वेळी तेथे जो माणूस असतो, तो कोण? त्याला ते रडणे ऐकू येते काय? आणि ऐकू आले तर काय करावे, हे त्याला कोणी शिकविले आहे काय?

हा प्रश्न शिक्षणखात्याचा आहे, साहित्याच्या पानावर त्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. एखाद्या कामाविषयी समाजाच्या मनात जी प्रतिमा असते ती बरीचशी साहित्याने घडविलेली असते, आणि त्या प्रतिमेच्या मापानेच समाज त्या कामाला मान देतो, पगार देतो आणि माणसे देतो. म्हणून परक्या मुलांना सांभाळणाऱ्या ह्या माणसाचे चित्र मराठी साहित्याने कसे रंगविले, हे एकदा पाहावयास हवे.

आरंभ अर्थातच साने गुरुजींपासून करावा लागतो. 'श्यामची आई' हे पुस्तक ठाऊक नाही असे घर महाराष्ट्रात विरळा. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ते लिहिले. आपण ते आईचे पुस्तक म्हणून वाचतो, मुलांना वाचून दाखवितो आणि डोळे पुसतो. परंतु ह्या गोष्टी कोठे सांगितल्या जातात, तिकडे आपले फारसे लक्ष जात नाही. त्या घरात सांगितलेल्या नाहीत. श्याम आश्रमात राहतो, आणि सायंप्रार्थना झाल्यावर, रात्रीच्या वेळी, आपल्या आश्रमातल्या सोबत्यांना तो एकेक आठवण सांगतो. पुस्तकाच्या प्रकरणांना 'रात्र' म्हटले आहे ते उगीच नव्हे. मातृप्रेमाचे मराठीतले सर्वांत लाडके पुस्तक घर सोडून आलेल्या माणसांच्या मेळ्यात, दिवसाचे काम संपल्यावर सांगितले गेले आहे! आई जवळ नाही म्हणूनच आईची गोष्ट सांगावी लागते. श्यामही आईच्या अखेरच्या घटकेला तिच्याजवळ नव्हता. परगावी शिकणाऱ्या मुलाची ती व्यथा गुरुजींनी स्वतः भोगलेली होती.

ही चौकट त्यांना कोठून सुचली असेल, हे शोधावयास फार दूर जावे लागत नाही. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे तेथल्या छात्रालयाचे प्रमुख झाले. मुलांच्या खोल्या आपण झाडाव्या, त्यांचे पसरलेले सामान नीट लावून ठेवावे, कपडे धुवावे, आजारी मुलाची शुश्रूषा करावी, असा त्यांचा क्रम असे. 'छात्रालय' नावाचे एक हस्तलिखित दैनिक ते मुलांसाठी काढीत. ह्याच अनुभवातून 'धडपडणारी मुले' ही कादंबरी उतरली. तिच्यातला स्वामी छात्रालयाचा भार उचलतो, आणि नामदेव, रघुनाथ ह्यांसारखी मुले त्याच्या सहवासात फुलतात. वसतिगृह हेच ज्या कादंबरीचे हृदय आहे अशी ही मराठीतली पहिल्या प्रतीची महत्त्वाची कृती म्हणावी लागेल.

आणि तरीही तिच्यात एक उणीव आहे, जी गुरुजींवरील भक्तीमुळे आपण सहसा बोलून दाखवीत नाही. स्वामी थकत नाही. त्याला मुलांचा कंटाळा येत नाही. एखाद्या मुलाविषयी त्याच्या मनात अढी बसली, ती बसली म्हणून तो स्वतःवरच चिडला, आणि तरी दुसऱ्या दिवशी त्या मुलाला जेवावयास वाढणे त्याला चुकले नाही, असे काही ह्या कादंबरीत आपल्याला भेटत नाही. स्वामी कामगार नाही, तो संत आहे. संताचे चरित्र वाचून मन उन्नत होते, हे खरे. पण त्याच्या जागी उद्या कोणी यावे आणि त्याने काय करावे, हे त्यातून कळत नाही. १९३० साली गुरुजी शाळा सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत गेले. त्यांनी जावयास नको होते, असे कोण म्हणेल? परंतु छात्रालय तेथेच राहिले, आणि मुलेही तेथेच राहिली. गुरुजी गेल्यावर त्या खोल्यांतून रात्री कोण फिरत होते, ह्याची गोष्ट मात्र कोणी लिहिली नाही.

हे केवळ अमळनेरचे नाही. परक्या मुलांना एका छपराखाली सांभाळण्याचा महाराष्ट्रातला इतिहास बराच जुना आहे. मुंबईत डेव्हिड ससून ह्यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ साली निघाली. पंढरपूरला १८७५ साली प्रार्थनासमाजाच्या मंडळींनी टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रय उभा केला. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाचा पाया घातला. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले आणि पाठोपाठ जातीजातींची वसतिगृहे तेथे उभी राहिली. ह्या साऱ्यांत १९२४ हे साल मला विलक्षण वाटते. त्याच साली गुरुजी अमळनेरला आले. त्याच साली भाऊराव पाटलांनी साताऱ्याला आपले सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले, ज्याला पुढे १९२७ साली गांधीजींच्या हस्ते शाहू महाराजांचे नाव मिळाले. आणि त्याच साली मुंबई इलाख्यात मुलांविषयीचा कायदा झाला, ज्याच्या आधारे बालन्यायालये आणि रिमांड होम निघाली व १९२७ साली मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली.

पहिल्या दोन घटनांवर चरित्रे झाली, पोवाडे झाले, नाटके झाली. तिसरीवर काय झाले? रिमांड होम हा शब्द मराठी घरात शिरला तो मुलांना दटावण्यापुरता. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय निघाले. मुलांना, निराधारांना सांभाळणे हा शिकून करावयाचा पेशा आहे, ही कल्पना संस्थारूपाने देशात प्रथम तेथे आली. पण आमच्या कथा-कादंबऱ्यांत ती फारशी आली नाही. आम्ही 'सेवा' हा शब्द उराशी धरला आणि 'पेशा' हा शब्द उंबऱ्याबाहेर ठेवला. पगार घेऊन माया करणारा माणूस आम्हांला कोठे तरी खोटा वाटतो.

ह्याचा सर्वांत मोठा अन्याय झाला तो बायकांवर. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने दिले आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले. मंगळसूत्र दिले तो एक दिवस. त्याच्या आधी आणि नंतर नाना जातींच्या पोरांना रोज रांधून घालणे, भांडणे मिटविणे, दुखण्याखुपण्यात रात्र काढणे, हे जे शेकडो दिवसांचे काम त्यांनी केले, त्याचे वर्णन शोधावयास गेलो तर दोन-चार ओळींवर आपली बोळवण होते. आपल्या लिहिणाऱ्यांना मंगळसूत्र दिसले, भाकरी दिसली नाही. त्याग रंगविणे सोपे असते. रोजचे काम रंगविण्यास ते काम जवळून पाहावे लागते.

आता दुसरी बाजू पाहू. सांभाळणाऱ्यांनी लिहिले नाही, पण सांभाळले गेले त्यांनी तर लिहिले. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात जी आत्मकथने मराठीत आली त्यांत वसतिगृह वारंवार येते. दया पवार हे ह्याच अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. त्यांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) संगमनेरच्या बोर्डिंगातले दिवस आलेले आहेत. घर सोडून आलेला मुलगा येथे संताच्या प्रभावळीत नाही. त्याला भूक आहे, लाज आहे, आपल्या गावापासून सुटल्याचा आनंद आहे आणि त्या आनंदाचीही बोच आहे. मराठी गद्याला ह्या पुस्तकाने जो सच्चेपणा दिला त्याचे मोल वेगळे सांगावयास नको. परंतु हे पुस्तक मिटल्यावर माझ्या मनात राहतो तो मुलगा. त्या घराच्या दाराशी बसणारा मोठा माणूस मला आठवत नाही. ह्यात लेखकाचा दोष नाही. मुलाच्या डोळ्यांना सांभाळणारा माणूस दिसतो तो ताटावर किंवा छडीवर. त्याच्या आतले काही मुलाला दिसण्याचे कारणही नाही. म्हणजे आमच्याकडे दोनच चित्रे उरली. एक वरून उजळलेले, संताचे; दुसरे खालून पाहिलेले, अस्पष्ट. समोरासमोर उभे राहून काढलेले चित्र नाही.

आमच्या शब्दांतही हेच दिसते. आश्रमशाळेतल्या ह्या माणसाला आपण 'अधीक्षक' म्हणतो, म्हणजे वरून देखरेख करणारा. शहरातल्या बालगृहात एक दुसरा शब्द आहे, 'काळजीवाहक'. हा शब्द सरकारी असला तरी मला फार आवडतो. मराठीत काळजी घेणे आणि काळजी वाटणे ह्यांना एकच नाम आहे. ओझे वाहावे तशी जो दुसऱ्याच्या मुलाची काळजी वाहतो तो काळजीवाहक. परंतु हुद्द्यांच्या उतरंडीत पाहाल तर हा शब्द सर्वांत खालच्या पायरीवर सापडतो!

समोरासमोरचे चित्र म्हणजे काय, हे सांगण्यासाठी एका परदेशी माणसाचे उदाहरण घेतो. पोलंडमधल्या वॉर्सा शहरात यानुश कोरचाक नावाचा एक डॉक्टर होता. १९१२ साली तो ज्यू अनाथ मुलांच्या एका मोठ्या गृहाचा प्रमुख झाला आणि मरेपर्यंत, म्हणजे तीस वर्षे, त्याने ते काम केले. आपल्या गुरुजींप्रमाणे त्यानेही मुलांचे वर्तमानपत्र काढले. मुलांचे न्यायालय स्थापन केले, त्यात न्यायाधीशही मुलेच. ह्या न्यायालयापुढे कोरचाकने सहा महिन्यांत पाच वेळा स्वतःवर खटला भरला, आणि तसे लिहून ठेवले. एका मुलाच्या कानशिलात दिली म्हणून, एकाला झोपण्याच्या दालनातून बाहेर काढले म्हणून, एकाला कोपऱ्यात उभे केले म्हणून, एका न्यायाधीशाचा अपमान केला म्हणून, आणि एका मुलीवर चोरीचा आळ घेतला म्हणून. हा माणूस मुलांवर प्रेम कसे करावे ह्याविषयी पुस्तक लिहितो, आणि त्याच पुस्तकात वसतिगृहातल्या शिक्षकाची चिडचीड, थकवा, त्याच्या चुका ह्यांचा हिशेब मांडतो. तो मुलांची वजने आणि उंची नियमाने मोजून नोंदवून ठेवी. त्याची सहकारी स्टेफानिया विल्चिन्स्का तेथे राहून काम शिकणाऱ्या तरुणांना रोजच्या निरीक्षणांची वही लिहावयास लावी आणि त्या वह्यांतच त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देई. म्हणजे जे काम शिकविता येत नाही असे आपण समजतो, ते तेथे वहीवर शिकविले जात होते.

१९४२ च्या जुलै महिन्यात, नाझींनी कोंडलेल्या त्या वस्तीत, ह्या गृहातल्या मुलांनी आपल्या रवींद्रनाथांचे 'डाकघर' हे नाटक केले. पुढच्याच महिन्यात मुलांना त्रेब्लिंकाच्या छावणीकडे नेण्यात आले. कोरचाकला स्वतःचा जीव वाचविता आला असता. तो मुलांबरोबर गेला. स्टेफानियाही गेली. जग आज कोरचाकला ओळखते ते ह्या मृत्यूमुळे. म्हणजे जगानेही शेवटी त्याचा संतच केला आणि तीस वर्षांच्या नोंदवह्या मागे टाकल्या. ही खोड केवळ आपली नाही, एवढेच समाधान.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही. पेशा म्हटला की कामाचे तास आले, नियम आले, रजेचे अर्ज आले. अशाने मुलाला माया मिळेल काय? माया ही वहीत लिहून शिकविता येते काय? नोकरदाराच्या हाती मूल देण्यापेक्षा एखाद्या ध्येयवेड्या माणसाच्या हाती दिलेले काय वाईट?

माझे उत्तर असे की, माया शिकविता येत नाही हे खरे, पण मायेला जे करावे लागते ते शिकविता येते. रात्री अंथरूण ओले झालेल्या मुलाला चार पोरांसमोर न लाजविता कसे उठवावे, नुकत्याच आलेल्या मुलाशी त्याच्या ठाकरी बोलीतले दोन शब्द तरी कसे बोलावे, कोणता ताप सकाळपर्यंत थांबू शकतो आणि कोणता थांबू शकत नाही, हे शिकावेच लागते. ते ठाऊक नसलेली माया पहाटे दवाखान्याच्या दाराशी उशिरा पोहोचते. आणि ह्या दृष्टीने गुरुजींकडे पुन्हा पाहिले तर काय आढळते? मुलांना उपदेश न करता त्यांच्या खोल्या आपणच आवरून ठेवणे, ही रीत आहे. रोज एक हस्तलिखित काढून मुलाच्या मनापर्यंत पोहोचणे, हीही रीतच. ते उत्तम कारागीर होते. आपण त्यांच्या डोळ्यांतले पाणी तेवढे पाहिले आणि हातातली कारागिरी पाहिली नाही. 'धडपडणारी मुले' भक्तीने वाचली ती पुरे झाली. आता ती कामाचे पुस्तक म्हणून वाचावी. मला खात्री आहे, गुरुजींना ते अधिक रुचले असते.

हे मी हौसेने म्हणत नाही. १९५३-५४ सालापासून तेव्हाच्या मुंबई राज्यात आश्रमशाळांची योजना सुरू झाली. प्रथम सेवाभावी संस्थांनी आणि १९७२ नंतर सरकारनेही स्वतः त्या चालविल्या. डोंगरातल्या मुलाला शाळा मिळाली, पोटभर जेवण मिळाले, त्यांतून शिक्षक झाले, अधिकारी झाले. ह्या योजनेचे हे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. परंतु ह्याच शाळांत सर्पदंशाने, तापाने, अपघाताने मुले दगावली, आणि तीही थोडीथोडकी नव्हेत. त्या मृत्यूंचा विचार करण्यासाठी डॉ. सुभाष साळुंके ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तिचा अहवाल २०१६ साली आला. अहवाल येतात आणि कपाटात जातात. शिधा मोजणे, हजेरी भरणे, कागद रंगविणे ही कामे अधीक्षकाच्या माथी असतातच. त्यांतून उरलेल्या वेळात त्याने शेकडो मुलांची आई व्हावे, अशी आपली अपेक्षा असते. आणि त्याने तसे केले नाही की आपल्याला राग येतो. का येतो? कारण आपल्या मनात स्वामीचे चित्र असते.

कोणी म्हणेल, मुलाला घरापासून तोडावेच कशाला? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी बोर्डीला आणि कोसबाडला नेमके उलटे केले. मूल शाळेत येत नाही तर शाळाच मुलाच्या अंगणात नेली. संध्याकाळी ते मूल आईच्या कुशीत झोपे. अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन (१९८०) मला ह्यासाठीच मोलाचे वाटते की, तेथे काम करणारी बाई आपल्या कामाविषयी, त्यातल्या फजितीसकट, बोलते. समोरासमोरच्या चित्राच्या सर्वांत जवळ मराठीत कोण गेले असेल, तर त्याच. परंतु त्यांच्या कामाचा मुख्य भाग दिवसाचा होता. रात्रीचे पुस्तक अजून लिहावयाचेच आहे.

ते कोणी लिहावे? आम्ही शहरात बसून लिहू नये. आम्ही पुन्हा संत तरी करू किंवा खलपुरुष तरी. ते एखाद्या अधीक्षिकेने लिहावे, जिने पंधरा-वीस पावसाळे डोंगरातल्या आश्रमशाळेत काढले असतील. एखाद्या कामाठ्याने ते सांगावे आणि कोणी उतरून घ्यावे. त्यात सुविचार नसले तरी चालतील. कोणत्या मुलाचा आपल्याला राग आला, कोणत्या रात्री आपण झोपून गेलो आणि तसे झोपावयास नको होते, पहिल्या पगारात काय घेतले, कोणती मुलगी दहा वर्षांनी भेटावयास आली आणि कोणती आलीच नाही, हे असावे. असे एक पुस्तक आले तर पुढच्या अधीक्षकाला उमेदीने उभे राहावयास जागा मिळेल. त्याला संत व्हावे लागणार नाही, आणि निगरगट्टही व्हावे लागणार नाही.

तूर्त दिवाळी आहे. पेट्या आपापल्या घरी पोहोचल्या आहेत. कळसूबाईच्या पायथ्याच्या वाड्यांवर पणत्या लागल्या असतील आणि मुले आईच्या शेजारी झोपली असतील. आश्रमशाळेच्या रिकाम्या दालनांना कुलूप लावून तो अधीक्षकही एव्हाना स्वतःच्या मुलांत गेला असेल. वर्षातून ज्या थोड्या रात्री त्याला ती दिसतात, त्यांतल्याच ह्या. सुटी संपली की तो परत येईल, मुलांच्याही आधी एक दिवस. आपण दिवाळी अंक वाचून खाली ठेवू तेव्हा त्याची एकदा आठवण काढावी, एवढेच मागणे.